विहिरीचे पाणी, नळाचे पाणी : हैदराबादच्या इतिहासातील एक लहानसे प्रकरण

तारनाक्याच्या चौकातून हबशीगुड्याची वाट धरली की थोड्या अंतरात इतक्या प्रयोगशाळा लागतात की नवख्या माणसास हा शास्त्रज्ञांचाच मोहल्ला वाटावा. राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ च्या सुमारास कुन्नूरच्या थंड हवेतून आपले बिऱ्हाड घेऊन इथे आली. जुने रहिवासी अजूनही जिला ‘आर.आर.एल.’च म्हणतात ती रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था १९४४ पासूनची. तिच्याच पोटी १९७७ साली पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचा जन्म झाला आणि १९८७ साली ते स्वतःच्या वास्तूत गेले. याच आवारात नागपूरच्या ‘नीरी’ची विभागीय प्रयोगशाळाही आहे. पूर्वी येथे कुणा जहागीरदाराची फळबाग होती, तिला तारेचे कुंपण व कुंपणाशी नाका होता, म्हणून ‘तारनाका’, असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, ‘नाका’ हा शब्द मराठी कानांस परका वाटत नाही, एवढे खरे.

निवृत्तीनंतर या रस्त्याने सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळीत पाण्याचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही. काचीगुडा, गौळीगुडा, शालीबंडा येथील जुन्या वाड्यांतून येऊन इकडे स्थायिक झालेली ही मंडळी. प्रत्येकाच्या बोलण्यात एक विहीर असतेच. ती विहीर कधी आटली नाही, तिच्या पाण्यात डाळ चटकन शिजे, ते पाणी अमृतासारखे होते, आणि ते पिऊन घरात कुणी कधी आजारी पडले नाही. पहिली तीन विधाने आम्ही विनातक्रार मान्य करतो. चौथे मात्र आमच्या घरापुरते तरी खरे नाही. आमच्या थोरल्या आत्याचा मृत्यू १९४६ साली विषमज्वराने झाला. त्या मृत्यूचा दोष घरातील वडीलधाऱ्यांनी ज्या पाण्याला आणि ज्या माणसाला दिला, त्याची फेरतपासणी करावी असे अनेक वर्षे मनात होते. तिच्यासाठी आधी पाण्यातील रोगजंतू ओळखण्याचे शास्त्र थोडे समजून घ्यावे लागले. प्रस्तुत लेख त्या अभ्यासातून झाला आहे.

आपल्या पूर्वजांना पाण्याच्या शुद्धाशुद्धतेची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट ती इतकी होती की दिवसाचा अर्धा वेळ तिच्यात जाई. परंतु त्या शुद्धतेची कसोटी स्पर्शाची होती. पाणी कुणी काढले, कोणत्या घागरीत भरले, ओलेत्याने आणले की नाही, यावर ते शुद्ध की अशुद्ध ठरे. विहिरीपासून पायखान्याच्या खड्ड्याचे अंतर किती, हा प्रश्न त्या कसोटीत बसतच नव्हता. आमच्या वाड्यात ते अंतर, आम्ही स्वतः मोजले त्याप्रमाणे, अठरा पावले होते. मध्ये भिंत होती, आणि भिंत असली म्हणजे सोवळ्याची सोय झाली असे सर्वांस वाटे. जमिनीखाली भिंत नसते.

भागानगर वसण्यापूर्वीच, १५६२ साली, हुसेनसागर बांधला गेला. मीर आलम तलावाचा एकवीस कमानींचा बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. त्या जोडीला घरोघरच्या विहिरी आणि महलका बाईंसारख्या धनवंतांनी बांधलेल्या बावड्या होत्या. महलका बाईंची एक बावडी आज उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात आहे. शहराच्या पाण्याचा नवा अध्याय मात्र एका प्रलयाने सुरू झाला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुरात सुमारे पंधरा हजार माणसे गेली. अफझलगंजच्या चिंचेच्या झाडावर चढून वाचलेल्यांच्या कथा आपल्यापैकी अनेकांनी आजी-आजोबांकडून ऐकल्या असतील. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. १९०९ च्या त्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले. पूर अडवावा आणि शहराला पाणी द्यावे, असे दोन हेतू त्यात होते. आसफनगरच्या गाळणीतून निघालेले पाणी लोखंडी नळांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत पोहोचू लागले आणि ‘आबरसानी’ हा सरकारी शब्द मराठी घरांतही रुळला.

नळ आला तरी सगळ्यांनी तो आनंदाने स्वीकारला असे नाही. तोटीत चामड्याची चकती असते, म्हणून सोवळ्यात नळाचे पाणी चालत नाही असे म्हणणारी घरे पुण्यामुंबईस होती, तशी आपल्याकडेही होती. नळाचे पाणी धुण्याभांड्याला, विहिरीचे देवाला आणि पिण्याला, अशी वाटणी आमच्या वाड्यात तर आमच्या लहानपणापर्यंत चालू होती. ज्या पाण्यावर गाळणीचा व पुढे क्लोरिनचा संस्कार झाला होता ते पाणी बाटलेले, आणि ज्यावर कोणताच संस्कार नव्हता ते पवित्र, अशी ही उलटी व्यवस्था होती.

आता शास्त्राकडे वळू. पटकीचा प्रसार पाण्यातून होतो हे लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ साली नकाशे आणि मृत्यूंच्या नोंदी ताडून दाखवले. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी यांनी पटकीने मेलेल्यांच्या आतड्यांत वाकडे जंतू पाहिले, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. पुढे १८८३ साली रॉबर्ट कॉख इजिप्तमार्गे कलकत्त्यास आले. स्वल्पविरामाच्या आकाराचा तो जंतू त्यांनी जानेवारी १८८४ मध्ये शुद्ध स्वरूपात वाढवला आणि पुढच्याच महिन्यात बेलियाघाटा भागातील एका तळ्याच्या पाण्यात तो शोधून काढला. तळ्याकाठच्या झोपड्यांत त्या वेळी पटकीचे मृत्यू होत होते. लोक त्याच तळ्यात स्नान करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. शहरातील पाण्याच्या साठ्यात एका विशिष्ट रोगाचा विशिष्ट जंतू ओळखला गेल्याची ही पहिली ठळक घटना, आणि ती आपल्या देशात घडली याचे विस्मरण होऊ नये.

विस्मयाची गोष्ट अशी की हिंदुस्थान सरकारच्या आरोग्यखात्याने ती मानली नाही. तेव्हाचे सॅनिटरी कमिशनर जे. एम. कनिंगहॅम यांचा पटकीच्या संसर्गावर विश्वासच नव्हता. हवा, ऋतू, स्थानिक अस्वच्छता यांकडे त्यांचा ओढा होता. संसर्ग मान्य केला असता तर जहाजांना अटकाव, यात्रांवर निर्बंध आणि व्यापाराला खीळ, हे सारे ओघाने आले असते. म्हणून जे सोयीचे नाही ते सिद्धही झालेले नाही, असा शेरा मारून प्रकरण बंद करण्यात आले. आम्ही सरकारी नोकरीत आयुष्य घालवले असल्यामुळे असा शेरा आम्हांस अक्षरावरून ओळखता येतो.

कॉख यांच्या यशामागे एक स्वयंपाकघर आहे. जंतू एकमेकांपासून वेगळे वाढवण्यासाठी घट्ट आणि पारदर्शक असे अन्न लागते. आधी जिलेटिन वापरत, परंतु ते उन्हाळ्यात वितळे आणि काही जंतू तर तेच खाऊन टाकीत. कॉख यांचे सहकारी वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी यांनी १८८१ साली सुचवले की मुरांबे घट्ट करण्यासाठी आपण जे समुद्रशेवाळाचे ‘अगर’ वापरतो ते घेऊन पाहा. ज्याला आपल्या गृहिणी चायनाग्रास म्हणतात व ज्याचा दुधातला हलवा करतात, तेच हे. जगभरच्या जंतुशाळा आजही त्यावर चालतात. फॅनीबाईंचे नाव त्या वेळच्या शोधनिबंधांत शोधून सापडत नाही.

तथापि पाण्यात पटकीचा किंवा विषमज्वराचा जंतू थेट शोधणे हे नित्याच्या कामाला फार अवघड ठरले. घागरभर पाण्यात ते मोजकेच असतात, त्यांच्याभोवती इतर निरुपद्रवी जंतूंची गर्दी असते, आणि आज सापडले नाहीत म्हणून उद्या नसतीलच असेही नाही. यावर शास्त्रज्ञांनी जी युक्ती काढली ती आपल्या न्यायशास्त्राला जवळची आहे. डोंगरावर अग्नी दिसत नाही, पण धूर दिसतो, त्यावरून अग्नीचे अनुमान करायचे. थिओडोर एशेरिख यांनी १८८५ साली वर्णिलेला आतड्यातला जंतू, म्हणजे ई. कोलाय, प्रत्येक निरोगी माणसाच्या विष्ठेतही कोट्यवधींच्या संख्येने असतो. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु पाण्यात तो सापडला याचा अर्थ त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे. आणि जिथे विष्ठेला वाट मिळाली तिथे तिच्यातून येणाऱ्या रोगालाही मिळाली. हा झाला धूर.

हा धूर पाहण्याची रीत कष्टाची आहे. जंतुरहित केलेल्या बाटलीत आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट ठेवतात, म्हणजे पाण्यातला उरलेला क्लोरिन वाटेतच जंतूंना मारून पुरावा नष्ट करीत नाही. नळाची तोटी ज्योतीने शेकून घेतात, काही वेळ पाणी वाहू देतात आणि मग नमुना घेऊन बर्फाच्या पेटीत घालून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत नेतात. तेथे ठरावीक मापांनी ते पाणी नळ्यांच्या रांगांत घालतात. नळ्यांत दुग्धशर्करा, पित्तलवण आणि रंग बदलणारे द्रव्य असते व प्रत्येकीत एक चिमुकली नळी उपडी ठेवलेली असते. शरीराच्या उष्णतेवर एक-दोन दिवस ठेवल्यावर जांभळा द्रव पिवळा झाला आणि उपड्या नळीत वायूचा बुडबुडा धरला, तर संशय पक्का. मग त्याच द्रवाचा थेंब ४४ अंशांवर पुन्हा वाढवायचा. त्या उष्णतेत इतर मंडळी मागे पडतात आणि ई. कोलाय टिकतो. किती नळ्यांत वायू झाला हे कोष्टकात पाहून १०० मिलिलिटर पाण्यात जंतू किती असावेत याचा अंदाज काढतात. पिण्याच्या पाण्याविषयीच्या भारतीय मानकाचे म्हणणे साधे आहे. १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय सापडता कामा नये.

या साऱ्याला दोन-तीन दिवस लागतात, आणि इथेच राज्यकारभाराची अडचण सुरू होते. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका जिल्ह्याच्या ठिकाणी असताना गॅस्ट्रोच्या साथीची एक फाईल आमच्या टेबलावरून गेली. पाण्याचे नमुने साथीच्या तिसऱ्या दिवशी घेतले होते. ‘पिण्यास अयोग्य’ असा अहवाल आमच्याकडे पोहोचला तो बाविसाव्या दिवशी. मधले दिवस अहवाल टंकलेखनात आणि स्वाक्षरीत होता. तोपर्यंत ज्यांना बरे व्हायचे ते बरे झाले होते. आम्ही अहवालावर ‘पाहिले, फाईलबंद करावे’ असे लिहिले. तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही, हे आज लिहिताना बरे वाटत नाही.

म्हणूनच जंतू शोधण्यापेक्षा ते मारण्याचे, आणि मोठ्या प्रयोगशाळेऐवजी जागच्या जागी तपासण्याचे साधे उपाय आपल्या देशात निघाले ते महत्त्वाचे. आग्र्याचे हॅन्किन यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची रीत रूढ केली. यात्रेच्या आधी विहिरीत ‘लाल औषध’ टाकतात हे आपण पाहिले आहे, ते हेच. हॅन्किन यांनीच १८९६ साली गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे प्रसिद्ध केले आणि त्या गोष्टीचा आधार धर्मवाद्यांनी व विज्ञानवाद्यांनी आपापल्या परीने घेतला.

पुढे १९५८ साली नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ साली तिचे नाव ‘नीरी’ झाले. तिने काढलेल्या दुहेरी मडक्याच्या युक्तीचे आम्हांस फार कौतुक आहे. एका मडक्यात दुसरे मडके. आतल्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाडी वाळू ओलसर करून भरायची, दोन्हींना भोके ठेवायची, आणि ते विहिरीत पाण्याखाली मीटरभर सोडायचे. क्लोरिन हळूहळू झिरपत राहतो आणि साडेचार हजार लिटर पाण्याच्या घरगुती विहिरीस दोन-तीन आठवडे पुरतो. कुंभाराच्या चाकावर होणारे हे यंत्र. आमच्या वाड्याच्या विहिरीत ते सोडावे असे १९७८ साली आम्ही सुचवले होते. ‘देवाच्या पाण्याला औषधाचा वास येईल’ या कारणाने ते नामंजूर झाले.

दुसरी युक्ती ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. औषधी कागदाची पट्टी ठेवलेल्या लहान बाटलीत वीस मिलिलिटर पाणी भरून ती उबदार जागी रात्रभर ठेवायची. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर ते गंधकाचा दुर्गंधी वायू निर्माण करतात आणि लोहक्षाराशी त्याचा संयोग होऊन सारे पाणी काळे होते. वाचता न येणाऱ्या माणसासही हा अहवाल वाचता येतो आणि त्यावर कुणाची स्वाक्षरी लागत नाही.

धुरावरून अग्नी ओळखण्याच्या पद्धतीला मर्यादाही आहेत. दिल्लीत १९५५ च्या डिसेंबरात काविळीची जी प्रचंड साथ आली, तिच्यात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. नजफगढ नाल्याचे पाणी यमुनेत उलटे चढून वझीराबादच्या उपशापर्यंत पोहोचले होते. अधिकाऱ्यांनी क्लोरिन वाढवला. त्यामुळे विषमज्वर आणि पटकी उसळली नाही, परंतु कावीळ उसळली, कारण तिचा विषाणू त्या मात्रेला पुरून उरला. म्हणजे इथे धूर विझला, अग्नी राहिला.

हैदराबादचे दुखणे वेगळ्या प्रकारचे आहे. मांजरा, सिंगूर, २००४ पासून कृष्णा आणि २०१५ पासून गोदावरी अशी दूरदूरची पाणी शहराला आली. ती गाळली जातात, क्लोरिनने शुद्ध होतात, आणि शुद्धीकरण केंद्रातून निघताना निर्दोष असतात. आमच्या भागात मात्र वर्षानुवर्षे पाणी एक दिवसाआड आले. नळ भरलेला असतो तेव्हा पाणी आतून बाहेर दाबते. तो रिकामा झाला की दाब उलटतो आणि सांध्याच्या बारीकशा चिरेतून शेजारच्या गटारातले पाणी आत ओढले जाते. जुन्या मोहल्ल्यांत नळ आणि गटार एकाच चरातून गेलेले असतात. मे २००९ मध्ये भोलकपूरला हेच झाले. गटाराचे पाणी नळात शिरले, माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली, आणि पटकीच्या जंतूचे नाव पुन्हा वर्तमानपत्रात आले. कॉख कलकत्त्यास येऊन तेव्हा सव्वाशे वर्षे झाली होती. म्हणून नळाशी उरलेला क्लोरिन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी भरला पाहिजे हा नियम महत्त्वाचा. थेंबभर औषध टाकून रंग पाहण्याची ती परीक्षा एका मिनिटाची आहे.

गेल्या चाळीसेक वर्षांत आणखी एक गोष्ट उमगली. पटकीचा जंतू पाण्यात जिवंत असूनही चायनाग्रासच्या ताटलीवर वाढण्यास नकार देऊ शकतो. तो जणू समाधी लावून बसतो. अमेरिकेच्या रीटा कोलवेल यांनी हे दाखवले. तो पाण्यातल्या अतिसूक्ष्म जलचरांच्या अंगाला चिकटून राहतो हेही त्यांनी दाखवले. मग त्यांनी बांगलादेशातील खेड्यांत बायकांना एवढेच सांगितले की जुन्या साडीच्या चार घड्या करून तिच्यातून पाणी गाळा. पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी उतरले. हा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचे फडके बांधणाऱ्या आमच्या आजीचे या बाबतीत आम्ही मनोमन अभिनंदन केले. तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात हेही २०१२ च्या एका भारतीय शोधनिबंधाने दाखवले आहे. तेव्हा आजीच्या दोन गोष्टी बरोबर निघाल्या. विषमज्वराचा सुटा जंतू मात्र लुगड्याच्या विणीतून सहज निसटतो.

ताटलीवर न वाढणारे जंतू आता त्यांच्या जनुकांवरून ओळखले जातात. पाण्यातले सारे डी.एन.ए. गोळा करायचे, ओळखीचा तुकडा लक्षावधी पटींनी वाढवायचा आणि कोणाचा आहे ते वाचायचे. आमच्या शेजारच्या दोन संस्थांनी २०२० साली याच्याच भावंडासारखी रीत वापरून शहराच्या सांडपाण्यात करोनाचा विषाणू मोजला आणि सुमारे साडेसहा लाख हैदराबादकरांना लागण झाली असावी असा अंदाज बांधला. नोंदलेल्या रुग्णांचा आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. पाणी खोटे बोलत नाही, फाईल बोलते, असे आमच्या फिरण्याच्या मंडळीतले एक निवृत्त अभियंते तेव्हा म्हणाले होते. आम्ही हसलो, पण फारसे नाही.

एक काळजीची गोष्ट येथे नोंदवतो. शहराच्या पश्चिमेस पाटणचेरूला औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करून सोडले जाते. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत मोजले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. अशा पाण्यात जे जंतू टिकतात ते त्या औषधाला न जुमानणारेच असणार. एके काळी विषमज्वरावर हेच औषध हमखास लागू पडे. आता पडत नाही.

विषमज्वरावरून पुन्हा आमच्या आत्याकडे येतो.

घरातली कथा अशी होती. त्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. म्हणून धुणेभांडी करणारी एक तेलुगू बाई सार्वजनिक नळावरून पिण्याचे पाणी आणू लागली. पावसाळ्यात आत्याला ताप भरला. तो एकवीस दिवस उतरला नाही आणि श्रावणात ती गेली. वय सतरा. विषमज्वरावर चालणारे पहिले औषध दोन वर्षांनी वापरात आले. आजीने त्या बाईला दोष दिला. बाटलेले पाणी घरात आणून तिने मुलगी घालवली, असे आजी मरेपर्यंत म्हणत असे, आणि आम्ही भावंडे त्या न पाहिलेल्या बाईचा मनोभावे राग करीत वाढलो.

वाडा १९९१ साली पाडावयास दिला तेव्हा माळ्यावर आजोबांच्या चोपड्या निघाल्या. फसली १३५५ ची चोपडी शाबूत आहे. तिच्यात पाण्याचा खर्च रोजच्या रोज लिहिला आहे. नळावरून पाणी आणण्याचे शेवटचे पैसे ज्येष्ठ वद्य पंचमीस दिले. त्या सुमारास मृगाच्या पावसाने विहीर भरली असावी, कारण लगेच रहाटाच्या नव्या दोराचा खर्च आहे. डॉक्टरांची पहिली फी आषाढ वद्य द्वितीयेस. म्हणजे नळाचे पाणी बंद होऊन जवळजवळ चार आठवडे झाले होते. विषमज्वराचा जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा एक ते तीन आठवडे जातात. डॉक्टरांना बोलावण्याआधी चार-पाच दिवस काढ्यावर गेले असे धरले, तरी नळाचे पाणी त्या मुदतीच्या काठावर, किंबहुना काठाबाहेर, राहते. पहिल्या पावसाने भरलेली विहीर मुदतीच्या बरोबर मध्यावर येते. आणि पहिला पाऊस खड्ड्यातले काय काय जमिनीखालून अठरा पावले वाहून नेतो, ते आता वाचकांस सांगण्याची गरज नाही.

त्याच १९९१ साली, विहीर बुजवण्याच्या आदल्या आठवड्यात, सार्वजनिक आरोग्य खात्यातील एका स्नेह्याकडून ग्वाल्हेरच्या पद्धतीची बाटली आणून आम्ही तिच्यात विहिरीचे पाणी भरले. सकाळी ते शाईसारखे काळे होते. १९९१ चे पाणी १९४६ ची साक्ष देऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. मधल्या काळात आसपास वस्ती वाढली होती. चोपडीवरून अपराध सिद्ध होत नाही, फक्त आरोप डळमळीत होतो. न्यायालयात अशा वेळी संशयाचा फायदा आरोपीस मिळतो. त्या बाईस तो मिळाला नाही. आषाढ वद्य दशमीची नोंद अशी आहे की पाणी आणणारीस आजपासून काढले, पगार बाकी हाली रुपये तीन, देणे नाही. तिचे नाव चोपडीत कुठेही नाही. ‘पाणी आणणारी’ एवढेच आहे.

ही नोंद आम्ही वडिलांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. ती बाई सुट्टीच्या दिवशी आपल्याला कडेवर घेऊन बाजारात नेत असे, असे म्हणाले, आणि चोपडी मिटून परत दिली.

जुन्या कुटुंबांतील वाचकांस एक विनंती आहे. आपल्या घरी निजामी अंमलातील रोजकीर्दी, चोपड्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, आबरसानीच्या पावत्या असतील तर त्या रद्दीत घालू नयेत. कोणत्या मोहल्ल्यात नळ कधी आला, विहीर कधी आटली, पटकीच्या साली काय केले, हे सरकारी अहवालांत सापडत नाही, घरखर्चात सापडते. ती पाने आम्ही आनंदाने वाचू व नकलून परत करू. आमच्याकडील चोपड्यांपैकी फसली १३५२ ते १३५४ या तीन वर्षांच्या वाळवीने खाल्ल्या आहेत, तेव्हा त्या वर्षांतील काही कुणाकडे असल्यास अगत्याने कळवावे.